इंग्रजी क्रियाविशेषणे: अर्थ कळतो, जागा चुकते

प्रश्न असा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या एका वाचकाला क्रियाविशेषणाची व्याख्या येते, त्याचे प्रकारही पाठ आहेत; परंतु इंग्रजी लिहिताना कोठे विशेषण वापरावे, कोठे ‘ली’ लागलेले रूप वापरावे आणि ते वाक्यात नेमके कोठे बसवावे, हे ठरवता येत नाही. इतके पाठ असूनही उपयोग का होत नाही, असेही या वाचकाने विचारले आहे.

मराठी माध्यमातील मुलांना आणि नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणाऱ्या प्रौढांना शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे. मराठी भाषकाला इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ सहसा अडत नाही. अडते ती त्याची जागा. मराठीत शब्दाशब्दांचे नाते प्रत्ययांनी आणि ‘च’, ‘ही’ यांसारख्या चिमुकल्या अव्ययांनी दाखवले जाते, त्यामुळे एखादा शब्द थोडा इकडेतिकडे झाला तरी वाक्य उभे राहते. इंग्रजीने आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय मध्ययुगातच गमावले आणि त्यांचे काम शब्दक्रमावर सोपवले. तेथे शब्दाने जागा सोडली की अर्थही जागा सोडतो.

प्रकार पाठ करून उपयोग का होत नाही, याचे कारण त्या वर्गाच्या घडणीतच आहे. इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण हा उरलेल्या शब्दांचा वर्ग आहे. ‘क्विकली’, ‘देअर’, ‘व्हेरी’, ‘नॉट’, ‘परहॅप्स’, ‘हाउएव्हर’ हे सगळे शब्द एकाच नावाखाली ठेवलेले असले, तरी वाक्यातील त्यांचे वागणे एकमेकांसारखे नाही. ‘व्हेरी’ क्रियापदाला थेट विशेषित करू शकत नाही, ‘क्विकली’ करू शकते. ‘हाउएव्हर’ तर संपूर्ण वाक्याला मागच्या वाक्याशी जोडते. तेव्हा रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक ही नावे ओळखीपुरती ठीक आहेत. लिहिताना मात्र हा शब्द कोणाबद्दल बोलतो आहे आणि म्हणून तो कोणाजवळ बसेल, हाच प्रश्न कामाचा ठरतो.

प्रथम विशेषण आणि क्रियाविशेषण यांतील गोंधळ पाहू. ‘शी सिंग्ज गुड’ ही चूक मराठी मुलांकडून इतक्या सहजपणे होते, की तिच्यामागे केवळ निष्काळजीपणा असेल असे मला वाटत नाही. आपण म्हणतो, ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ती मुले चांगली गातात’. येथे ‘चांगला’ हा शब्द गाण्याची रीत सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतो, पण लिंगवचनानुसार विशेषणासारखा बदलतो. म्हणूनच मराठी व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात, पण अव्यय म्हणत नाहीत. मराठी मुलाच्या कानाला विशेषणाचेच रूप क्रियेसाठी वापरण्याची सवय असते आणि तीच सवय इंग्रजीत उतरते. त्यात इंग्रजी विशेषणही लिंगवचनानुसार बदलत नाही, त्यामुळे चूक झाल्याची कोणतीही खूण कानाला मिळत नाही. उपाय एकच: वाक्यातील तो शब्द व्यक्तीचा किंवा वस्तूचा गुण सांगतो की क्रियेची रीत सांगतो, हे विचारावे. गाणे कसे होते, हे सांगायचे असेल तर ‘शी सिंग्ज वेल’. गायिका कशी आहे, हे सांगायचे असेल तर ‘शी इज अ गुड सिंगर’.

या नियमाला ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’ ही क्रियापदे अपवाद म्हणून शिकवली जातात आणि येथे विद्यार्थी हमखास घाबरतात. वास्तविक या ठिकाणी मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट वाट दाखवते. इंग्रजी जेथे एकाच क्रियापदावर भागवते, तेथे मराठीत दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘लुक’ म्हणजे दिसणे आणि पाहणेही. ‘स्मेल’ म्हणजे वास येणे आणि वास घेणेही. ‘टेस्ट’ म्हणजे चवीला लागणे आणि चव घेणेही. मनातल्या मराठी वाक्यात ‘दिसणे’, ‘लागणे’, ‘वाटणे’, ‘वास येणे’ असे आपोआप घडणारे क्रियापद असेल, तर इंग्रजीत पुढे विशेषण येते. ‘पाहणे’, ‘चाखणे’, ‘हुंगणे’ असे कर्त्याने हेतुपुरस्सर केलेले क्रियापद असेल, तर क्रियाविशेषण येते. ‘ती रागावलेली दिसली’ म्हणजे ‘शी लुक्ड अँग्री’. ‘तिने कारकुनाकडे रागाने पाहिले’ म्हणजे ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द क्लर्क’. ‘आमटी छान लागते’ म्हणजे ‘द आमटी टेस्ट्स गुड’. ‘त्याने आमटी जपून चाखली’ म्हणजे ‘ही टेस्टेड द आमटी केअरफुली’. ‘मला वाईट वाटले’ याचे इंग्रजी ‘आय फेल्ट बॅड’ असे होते, ‘बॅडली’ असे नव्हे, याचे कारणही हेच आहे. एकदा ही जोडी ध्यानात आली की अपवादांची यादी पाठ करावी लागत नाही.

आता ‘ली’ प्रत्ययाकडे येऊ. ‘ली’ दिसले की क्रियाविशेषण, हा शाळेतला ठोकताळा दोन्ही बाजूंनी फसवतो. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘कॉवर्डली’ ही विशेषणे आहेत; ‘ही स्पोक फ्रेंडली’ असे म्हणता येत नाही, ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असे म्हणावे लागते. उलट ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’, ‘अर्ली’, ‘स्ट्रेट’ हे शब्द रूप न बदलता दोन्ही कामे करतात. या घोळामागे एक जुना इतिहास आहे आणि तो सांगितल्यावर विद्यार्थ्यांना नियम अन्यायकारक वाटेनासा होतो, असा माझा अनुभव आहे. प्राचीन इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक ऱ्हस्व ‘ए’ लावून क्रियाविशेषण करीत असत. ‘हार्ड’च्या पूर्वरूपाला असा ‘ए’ लागे, ‘फास्ट’च्याही लागे. नामापासून विशेषण करण्यासाठी ‘लिच्’ असा उच्चार असलेला प्रत्यय होता आणि त्यालाही तो ‘ए’ लागून ‘लिचे’ असे क्रियाविशेषण होत असे. पुढे शेवटचा ‘ए’ उच्चारातून गळाला. त्यामुळे ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ यांची विशेषणे व क्रियाविशेषणे एकसारखी झाली; ‘फ्रेंडली’मध्ये विशेषणाचा ‘लिच्’ झिजून ‘ली’ झाला, तर ‘क्विकली’सारख्या शब्दांत क्रियाविशेषणाचा ‘लिचे’ झिजून तोच ‘ली’ उरला. म्हणजे आज एकच दिसणारा हा प्रत्यय मुळात दोन वेगळ्या रूपांचा वारसा आहे.

याच भागातील एक चूक माणसाचे प्रत्यक्ष नुकसान करू शकते, म्हणून तिच्याशी थांबते. ‘हार्ड’ म्हणजे कसून आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहिणाऱ्या उमेदवाराला पाच वर्षे कष्ट केल्याचे सांगायचे असते. वाचणाऱ्याला मात्र त्याने पाच वर्षांत फारसे काम केले नाही, असे कळते. ‘हार्डली’च्या पोटातच नकार आहे, म्हणून त्याच्याबरोबर दुसरा नकार येत नाही: ‘आय कॅन हार्डली हिअर यू’, ‘कान्ट हार्डली’ नव्हे. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘ही हॅज बीन कमिंग लेट लेटली’ या एकाच वाक्यात दोन्ही नीट दिसतात. ‘निअर’ आणि ‘निअरली’, ‘हाय’ आणि ‘हायली’ या जोड्याही अशाच वेगळ्या अर्थाच्या आहेत. शब्दकोशात या प्रत्येकाची नोंद स्वतंत्र शब्द म्हणून पाहावी, एकाचे रूप म्हणून नव्हे.

आता जागेचा मुख्य मुद्दा. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे थेट कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये. मराठीत कर्म आधी येते आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे रीत सांगणारा शब्द त्यांच्यामध्ये बसणे आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते: ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’, ‘त्याने दार हळूच उघडले’. या सवयीने ‘शी स्पीक्स फ्लुअंटली इंग्लिश’, ‘आय लाइक व्हेरी मच मँगोज’ अशी वाक्ये तयार होतात. शब्द सगळे बरोबर, तरी इंग्रजी कानाला वाक्य मोडलेले वाटते. क्रियाविशेषण एक तर कर्माच्या पलीकडे न्यावे किंवा क्रियापदाच्या अलीकडे आणावे: ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुअंटली’, ‘आय लाइक मँगोज व्हेरी मच’, ‘ही क्वाएटली ओपन्ड द डोअर’. येथे दोन बारकावे लक्षात ठेवावेत. क्रियापदानंतर शब्दयोगी अव्यय असेल तर ते बंधन सैल होते, म्हणून ‘शी लिसन्ड केअरफुली टू द ओल्ड मॅन’ हे निर्दोष आहे. आणि कर्म फार लांबलचक असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी घेणेच सोयीचे ठरते. ‘ही एक्झॅमिन्ड केअरफुली एव्हरी पेपर दॅट हॅड कम फ्रॉम द डिस्ट्रिक्ट ऑफिस’ या वाक्यात ‘केअरफुली’ शेवटी टाकले असते, तर वाचणाऱ्याला ते कार्यालयाच्या कागद पाठवण्याशी जोडावेसे वाटले असते.

वाक्याच्या शेवटी अनेक क्रियाविशेषणे एकत्र येतात तेव्हा त्यांचा क्रम रीत, स्थळ, काळ असा असतो, हे पुस्तकांत दिलेले असते. परंतु हा क्रम मराठी क्रमाचा अगदी उलटा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ‘माझी बहीण गेल्या रविवारी नाट्यगृहात सुरेख गायली’ या वाक्यात काळ, स्थळ, रीत आणि मग क्रियापद आले आहे. इंग्रजीत क्रियापदापासून सुरुवात करून मागे चालत गेले की झाले: ‘माय सिस्टर सँग ब्यूटिफुली ॲट द थिएटर लास्ट संडे’. क्रियेला सर्वांत चिकटलेला तपशील दोन्ही भाषांत क्रियापदाच्या शेजारीच आहे; फक्त मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे तो त्याच्या आधी येतो आणि इंग्रजीत नंतर. काळाच्या आणि स्थळाच्या आतली मांडणीही अशीच उलटते. ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’ याचे ‘ॲट टेन ऑन मंडे मॉर्निंग’ होते आणि ‘पुण्यात सदाशिव पेठेत एका वाड्यात’ याचे ‘इन अ वाडा इन सदाशिव पेठ इन पुणे’ होते. आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो, इंग्रजी लहानाकडून मोठ्याकडे जाते. जाण्यायेण्याच्या क्रियापदांत मात्र स्थळ हेच क्रियेला सर्वांत जवळचे असते, म्हणून ‘ही वेंट होम क्वाएटली’ असे स्थळ आधी येते. काळ ठसवायचा असेल तर तो उचलून वाक्याच्या आरंभी नेता येतो. रीत आणि स्थळ यांना तितके स्वातंत्र्य नाही.

‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ यांसारख्या वारंवारता सांगणाऱ्या शब्दांची जागा वाक्याच्या मध्यावर असते. त्यांचे तीन स्वतंत्र नियम पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट धरून ठेवावी: पहिले साहाय्यक क्रियापद शोधावे आणि क्रियाविशेषण त्याच्या लगेच नंतर ठेवावे; साहाय्यक नसेल तर मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवावे; आणि ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ ही एकटी आली तरी त्यांना साहाय्यकासारखेच वागवावे. ‘ही ऑलवेज कम्स लेट’, ‘ही इज ऑलवेज लेट’, ‘ही हॅज ऑलवेज कम लेट’, ‘ही वुड नेव्हर हॅव कम’ ही चारही वाक्ये त्यातून आपोआप मिळतात. ‘हॅव टू’ हे मात्र येथे साहाय्यक मानले जात नाही, म्हणून ‘शी युज्वली हॅज टू वेट’.

नकाराच्या आधी आणि नंतर यांतला फरक यापेक्षा सूक्ष्म आहे आणि माझ्या मते तो शाळेत शिकवायलाच हवा. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते फारसे आवडत नाही. पहिल्यात ‘रिअली’ नकाराला बळ देते, दुसऱ्यात नकार ‘रिअली’वरच पडतो आणि वाक्य सौम्य होते. कोणाच्या घरी जेवताना किंवा वरिष्ठांच्या प्रस्तावावर मत देताना या दोन वाक्यांतले अंतर फार मोठे असते. ‘ही डझ नॉट ऑलवेज टेल द ट्रुथ’ याचाही अर्थ ‘तो कधीच खरे बोलत नाही’ असा नसून ‘तो दर वेळी खरेच बोलतो असे नाही’ असा आहे.

जागा बदलल्याने अर्थ बदलतो याचे याहून ठळक उदाहरण म्हणजे ‘फूलिशली’. ‘ही ॲन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ म्हणजे त्याने दिलेले उत्तर मूर्खपणाचे होते. ‘ही फूलिशली ॲन्सर्ड द क्वेश्चन’ म्हणजे उत्तर कदाचित उत्तम असेल, पण उत्तर देणे हाच मूर्खपणा झाला, गप्प राहायला हवे होते. शेवटी बसलेले क्रियाविशेषण क्रियेच्या रीतीबद्दल बोलते आणि आधी आलेले बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगू लागते. ‘क्लिअरली’चेही तसेच आहे: ‘ही एक्स्प्लेन्ड इट क्लिअरली’ यात समजावणे स्पष्ट आहे, तर ‘क्लिअरली, ही एक्स्प्लेन्ड इट’ यात त्याने समजावले होते ही गोष्ट बोलणाऱ्याला उघड दिसते आहे. आरंभी आलेल्या अशा शब्दानंतर लेखनात स्वल्पविराम द्यावा. ‘हाउएव्हर’ आरंभी आल्यावरही तो द्यावा आणि ‘हाउएव्हर’ने दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामावर जोडू नयेत, कारण ते उभयान्वयी अव्यय नाही, मागच्या वाक्याला पूर्णविराम द्यावा.

‘ओन्ली’ला मी मराठी भाषकासाठी सर्वांत कठीण शब्द मानते आणि त्याचे कारण म्हणजे आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मीच भावाला सांगितले’, ‘मी भावालाच सांगितले’, ‘मी भावाला सांगितलेच’ या तीन वाक्यांत एक अक्षर तीन ठिकाणी चिकटते आणि तीन वेगळे अर्थ निर्माण करते. ते नेहमी शब्दाच्या शेवटी लागते, म्हणून आपण ‘ओन्ली’ही शब्दाच्या नंतर लावतो: ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’, ‘कम टुडे ओन्ली’. भारतभर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत ही ठेवण इतकी रुळली आहे, की आपसात बोलताना तिच्याबद्दल कोणी संकोच करू नये असे मला वाटते. पण परीक्षेत, अर्जात आणि परदेशी वाचकासाठी लिहिताना ती टाळावी. लेखनात ‘ओन्ली’ ज्या शब्दाला मर्यादा घालते त्याच्या लगेच आधी ठेवावे: ‘आय टोल्ड ओन्ली माय ब्रदर’ म्हणजे भावालाच, ‘ओन्ली आय टोल्ड माय ब्रदर’ म्हणजे मीच. बोलताना इंग्रज माणूस ‘आय ओन्ली टोल्ड माय ब्रदर’ असे म्हणून आवाजाचा भार ‘ब्रदर’वर देतो, कागदावर आवाज नसल्याने ही सोय तेथे मिळत नाही. शिवाय प्रत्येक ‘च’चे भाषांतर ‘ओन्ली’ होत नाही, हेही पाहावे. ‘त्यानेच हे केले’ यात इतरांना वगळण्यापेक्षा बोट दाखवणे अधिक असेल, तर ‘इट वॉज ही हू डिड इट’ हे योग्य. ‘मी इथेच राहतो’ याला ‘दिस इज व्हेअर आय लिव्ह’ पुरते. आणि ‘मी सांगितलेच’ याला ‘आय डिड टेल हिम’ असे ‘डिड’ पुरते.

‘ही’ आणि ‘सुद्धा’ यांची गतही अशीच. ‘तोही आला नाही’ म्हणजे ‘ही डिड नॉट कम आयदर’. ‘तो आलाही नाही’ म्हणजे ‘ही डिड नॉट इव्हन कम’. नकारार्थी वाक्यात ‘ऑल्सो’ आणि ‘टू’ येत नाहीत, एवढे पाळले तरी पुष्कळ वाक्ये सुधारतात.

काही मराठी शब्द एकटेच दोन-तीन इंग्रजी शब्दांचे काम करतात आणि तेथे अर्थाचाही घोटाळा होतो. ‘अजून’ हा त्यांतला प्रमुख. ‘तो अजून झोपला आहे’ यात स्थिती चालू आहे, म्हणून ‘ही इज स्टिल अस्लीप’. ‘तो अजून आला नाही’ यात अपेक्षित गोष्ट घडलेली नाही, म्हणून ‘ही हॅज नॉट कम येट’. ‘अजून एक पोळी’ यात भर आहे, म्हणून ‘वन मोअर’. ‘ही स्टिल हॅज नॉट कम’ असेही म्हणता येते, पण त्यात वाट पाहणाऱ्याचा वैताग मिसळतो. ‘बहुतेक’ हा दुसरा. ‘बहुतेक लोक गेले’ यात तो संख्या सांगतो आणि ‘बहुतेक तो येईल’ यात शक्यता. दुसऱ्या अर्थी आपण ‘मोस्टली ही विल कम’ म्हणतो, ते चुकीचे आहे; ‘मोस्टली’ म्हणजे बहुतांशी. तेथे ‘ही विल प्रॉबब्ली कम’ हवे, आणि ‘प्रॉबब्ली’ची जागा पुन्हा त्याच मध्यावर. ‘परत’मुळे ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ तयार होतात. ‘रिटर्न’मध्ये परत येणे आधीच आहे.

‘होम’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’, ‘हिअर’, ‘देअर’ हे शब्द जाण्यायेण्याच्या क्रियापदांपुढे क्रियाविशेषणे असतात, म्हणून त्यांच्याआधी ‘टू’ लागत नाही: ‘गो होम’, ‘शी वेंट अब्रॉड’. मराठीत आपण ‘घरी जा’, ‘परदेशी गेली’, ‘वर जा’ असे दुसरा कोणताही आधार न घेता म्हणतो, तोच कान येथे वापरावा. पण ‘माय होम’ म्हटले की ते नाम झाले आणि ‘टू’ परत आले.

परिमाण सांगणाऱ्या शब्दांविषयी थोडक्यात. दोन ‘ओ’ असलेले ‘टू’ म्हणजे ‘खूप’ नव्हे, ‘नको इतके’. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे चहा पिता येत नाही इतका गरम आहे. कौतुकासाठी ‘व्हेरी’ वापरावे. ‘इनफ’ विशेषणानंतर येते, ‘टॉल इनफ’, पण नामाच्या आधी येते, ‘इनफ मनी’.

राज्य मंडळाच्या परीक्षांसाठी वाक्यरूपांतर करणाऱ्यांना ‘नो सूनर’, ‘हार्डली’, ‘नेव्हर’ आरंभी आल्यावर कर्ता आणि साहाय्यक यांची अदलाबदल का होते, हे पाठ करावे लागते. नकारात्मक अर्थाचे क्रियाविशेषण आरंभी खेचले की इंग्रजी साहाय्यकालाही त्याच्यामागोमाग पुढे आणते. प्रश्नात होते तशीच ही अदलाबदल आहे. ‘तो घरात शिरला न शिरला तोच पाऊस सुरू झाला’ हे मराठी वाक्य ‘नो सूनर हॅड ही एंटर्ड द हाउस दॅन इट बिगॅन टू रेन’ याचे नेमके प्रतिरूप आहे. ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’ येते, कारण ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे. ‘हार्डली’बरोबर ‘व्हेन’ येते, कारण त्यात तुलना नाही. इतके समजले की जोड्या चुकत नाहीत.

शेवटचा मुद्दा क्रियाविशेषण कोठे वापरू नये, याचा आहे आणि चांगले इंग्रजी लिहू पाहणाऱ्याला तो सर्वांत जास्त लाभ देतो. मराठीत क्रियेची रीत सांगणाऱ्या शब्दांची मोठी श्रीमंती आहे: ढसाढसा, घटाघटा, तरातरा, टक लावून, दबक्या पावलांनी, लंगडत. आपण क्रियापद साधे ठेवतो, रडणे, पिणे, चालणे, पाहणे, आणि रंग शेजारच्या शब्दात भरतो. इंग्रजी पुष्कळदा तो रंग क्रियापदातच भरते. ‘ढसाढसा रडली’ याला ‘शी सॉब्ड’, ‘घटाघटा प्यायला’ याला ‘ही गल्प्ड इट डाउन’, ‘टक लावून पाहिले’ याला ‘ही स्टेअर्ड’, ‘लंगडत चालला’ याला ‘ही लिम्प्ड’, ‘दबक्या पावलांनी आत आली’ याला ‘शी क्रेप्ट इन’. मराठी साच्यातून विचार करणारा लेखक ‘वॉक्ड व्हेरी क्वाएटली’, ‘क्राइड व्हेरी लाउडली’ असे लिहीत जातो. व्याकरण निर्दोष असते, पण गद्य पातळ होते. आणि नेमके क्रियापद सापडल्यावरही सवयीने जुने क्रियाविशेषण तसेच राहिले, तर ‘शाउटेड लाउडली’, ‘व्हिस्पर्ड सॉफ्टली’ अशी द्विरुक्ती होते.

वाचकाने सरावासाठी स्वतःच लिहिलेला एखादा परिच्छेद घ्यावा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी आणि त्याचे थेट कर्म असेल तर दोघांना एका चौकटीत बंद करावे. त्या चौकटीच्या आत अडकलेले प्रत्येक क्रियाविशेषण बाहेर काढून आधी किंवा नंतर बसवून पाहावे आणि मोठ्याने वाचावे. मग उरलेल्या क्रियाविशेषणांपैकी ज्यांचा अर्थ क्रियापदात आधीच आहे ती खोडावीत आणि ज्यांच्या जोडीला फार साधे क्रियापद आले आहे तेथे शब्दकोशात अधिक नेमके क्रियापद शोधावे. आठवड्यातून एक परिच्छेद असा तपासला तरी पुरे. मात्र तो उतारा पुस्तकातला नको, स्वतःचाच हवा, कारण मराठी क्रमाच्या खुणा आपल्याला आपल्याच वाक्यांत सापडतात.